अंगण वाकडंच होतं

धाकटीच्या नाकावर राग असतो, असं सगळे म्हणत. ते खरंही होतं. पण तो राग नाकावर येऊन बसला कसा, याची चौकशी कधी कोणी केली नव्हती. चाळिशी जवळ आली, कानाशी केस पांढरे झाले, तरी ती धाकटीच. घरात धाकटी, बँडमध्ये धाकटी, आणि स्टेजवर ओळख करून द्यायची वेळ आली की दादा माइकवरून सांगायचा, 'आणि रिदम गिटारवर आमची धाकटी.' तोवर लोकांच्या टाळ्या बाकीच्यांवर खर्च झालेल्या असायच्या. उरल्यासुरल्या हिच्या वाट्याला.

तालीम दादाच्या बॅटरीच्या दुकानामागच्या खोलीत चालायची. पुढे गाड्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, त्यांचा आंबट वास भिंतींत मुरलेला. मागे ड्रम, दोन ॲम्प्लिफायर, वायरींचा गुंता आणि एक खुर्ची, जिच्यावर दादाशिवाय कोणी बसत नसे. ड्रमवर ठोक्या, जो बोलतानाही बोटांनी स्वतःचा गुडघा बडवत असे. बेस गिटारवर मुका. मुका काही मुका नव्हता. त्याला बोलायचा कंटाळा होता, आणि चार जाड तारांवर भागत असेल तर तोंड कशाला उघडा, असा त्याचा हिशेब होता. दादा मधोमध उभा राहून मुख्य गिटार वाजवायचा. धाकटी डाव्या कोपऱ्यात, पंख्याखाली.

या मंडळींकडे एक चीज होती. तिला खरं नाव काहीतरी होतं, पण बँडमध्ये सगळे तिला 'पळापळ' म्हणायचे. दादाच्या मास्तरांनी बसवलेली ती सुरावट अशी काही धावायची की ऐकणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा हे त्याला सुचू नये. कार्यक्रमाचा शेवट पळापळीने व्हायचा. ती जो वाजवेल तो मध्यभागी उभा राहणार, दिवा त्याच्यावर पडणार, आणि बाकीचे त्याच्याभोवती राबणार. मास्तर गेल्यावर ती दादाकडे आली. दादानंतर ती आपल्याकडे येईल, हे धाकटीने कोणालाही न विचारता धरून ठेवलं होतं. तिने ती स्वरन्‌स्वर पाठ केली होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी कुठलं बोट कुठल्या पडद्यावर, तार छेडायची पट्टी, म्हणजे पिक, खाली की वर, हे तिने घडाघडा सांगितलं असतं. फक्त ती वाजवली की पळत नसे. रांगत असे.

मोठ्या सभागृहातला कार्यक्रम ठरला, त्या तालमीत दादाने आपली गिटार केसमध्ये ठेवली, खुर्चीत बसला आणि बोटांचे सांधे चोळत म्हणाला, 'पळापळ या वेळी पोरगी वाजवेल. नव्या लोकांना पुढे येऊ दे.'

पोरगी म्हणजे त्याची मुलगी, धाकटीची भाची. कॉलेजात जाणारी, मनगटात चार धागे बांधलेली, हातात गिटार येऊन फार दिवस न झालेली. तिच्या बोटांना पाय फुटले होते हे मात्र खरं.

'आणि मी?' धाकटीने विचारलं.

'तू आहेसच की रिदमला. तुझ्याशिवाय रिदम कोण धरणार? तुझा हात भक्कम आहे, धाकटे. पण जड आहे. पळत नाही तो.'

ठोक्याने गुडघा बडवायचं थांबवलं. मुक्याने खाली पाहिलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. धाकटीची तिथपर्यंत गेली आणि तिथेच राहिली. काय म्हणणार? हात जड होता. वर्षानुवर्षं होता.

आणि तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? टकटक करून लय मोजणारा मेट्रोनोम लावून ती बसायची. आधी अगदी संथ, कीर्तनकारही झोपेल इतकं संथ. मग एकेक घर वेग वाढवत न्यायचा. पिक तारेपासून लांब उडवायची नाही, टोक जेमतेम बुडवायचं. खाली-वर, खाली-वर, चुकूनही दोनदा खाली नाही. डाव्या हाताची बोटं तारांच्या जवळ ठेवायची, अंगठा दांडीच्या मागे. अवघड ओळ चार-चार स्वरांचे तुकडे करून घोटायची आणि मग जोडायची. हे सगळं तिने केलं, इमानाने केलं. आणि तरी एका ठरावीक वेगाला पोचली की कोपरापासून बोटांपर्यंत हात दगड व्हायचा. मेट्रोनोम पुढे टकटकत राहायचा आणि ही मागे. एकदा तिने तो भिंतीवर फेकून मारला होता. नवा आणला तोही तसाच निर्दय निघाला.

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, तिळाएवढे स्क्रू आवळायची. मागच्या बाकावर तिचा दिवा, तिचे चिमटे, बारीक स्क्रू-ड्रायव्हरांचा आणि चाव्यांचा डबा. गिऱ्हाइकं यायची ती चुकीचा नंबर नाकावर घेऊन. एक गृहस्थ नवा चष्मा लावून दारात उभे राहिले आणि समोरच्या इमारतीवरच्या पाटीवरची अक्षरं मोठ्याने वाचू लागले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ती पाटीच पुसट आहे. धाकटी त्यांना हसली होती. घरी येऊनही हसली होती. 'माणसाला साधं कळू नये?' असं म्हणाली होती.

तिला एकदा शंका आली नव्हती असं नाही. अगदी सुरुवातीला, पंधरा-सोळाची असताना, तिने सगळ्यांसमोर दादाला म्हटलं होतं की तारा फार कडक लागतात, बोटं फुटतात. दादा तेव्हा ऐन भरात होता. तो म्हणाला, 'नाचता येईना, अंगण वाकडं.' मास्तर हसले, सगळी खोली हसली, आणि धाकटीने ठरवलं की या तोंडातून पुन्हा तक्रार निघायची नाही. ठरवलं ते पाळलं. हट्ट हा गुण आहे की अवगुण, हे कशासाठी केला त्यावर अवलंबून असतं, आणि हिचा हट्ट कशासाठी चालला होता हे तिलाच ठाऊक नव्हतं.

शिवाय बँडचा मास्तरांपासूनचा नियम होता. दुसऱ्याची गिटार हातात घ्यायची नाही, हात बिघडतो. आणि आपल्याही गिटारीच्या स्क्रूंना हात लावायचा नाही. ते काम बँड चालवणाऱ्याचं. तारा बदलायच्या त्या दादाने, जुळवायच्या त्या दादाने. नियम मोडून एकदा तिने दादाची गिटार चोरून वाजवून पाहिली होती. तीही तेवढीच कडक. म्हणजे गिटार अशीच असते, आणि दादा या असल्या तारांवरही पळतो, म्हणजे दोष आपल्या बोटांत. इतकं सरळ गणित होतं ते.

जखमेवर मीठ म्हणून दादाने आणखी एक काम तिच्या गळ्यात मारलं. पोरीला पळापळीचा मधला भाग नीट येत नव्हता, तर तो धाकटीने शिकवायचा. ज्याचं लग्न मोडलं त्यालाच मांडव घालायला सांगावं, तसला प्रकार. नाही म्हणावं तर लोक म्हणणार, भाचीवर जळते. ती दात आवळून रविवारी दादाच्या घरी गेली.

वहिनी स्वयंपाकघरात होती. भाची पलंगावर मांडी घालून बसली होती. धाकटीने बोटांची नावं घेऊन तो भाग सांगितला, पण तोंडाने सांगून गिटार येत असती तर जगात वाजवणारेच वाजवणारे असते. भाचीने आपली गिटार पुढे केली. 'दाखव ना, आत्या.'

'माझी नाही आणली.'

'ही घे. बाबा दुकानात आहेत.'

धाकटीने घेतली. डाव्या हाताने नेहमीसारखं दाबलं आणि बोट जणू जिन्याची नसलेली पायरी शोधत खाली गेलं. तार तिथेच होती, पडद्याला जवळजवळ टेकलेली. तिने मधला भाग सुरू केला, शिकवायच्या वेगाने. हात पुढे निघाला. तिने थांबवला नाही. जिथे दगड व्हायचा ती जागा आली आणि गेली, आणि ती गेल्याचं तिला पुढच्या ओळीत कळलं. पळापळ पळत होती. तिच्या हातून.

भाची तोंड उघडं ठेवून बघत होती. धाकटीने मात्र मध्येच थांबून गिटार आडवी धरली, डोळ्याजवळ नेली आणि चष्म्याची फ्रेम वाकडी आहे का ते पाहतात तशी दांडीवरून नजर टाकली. तिच्या स्वतःच्या गिटारीत तार आणि शेवटचा पडदा यांच्यामध्ये करंगळीचं टोक सहज शिरायचं. इथे जाडसं कार्ड कसंबसं सरकलं असतं.

'या तारा कोणी बसवल्या?' तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

'बाबांनीच. आधी खूप वर होत्या. मला जमेचना, बोटांतून रक्त आलं, मी रडले. मग त्यांनी खाली केल्या,' भाची म्हणाली, आणि मग निरागसपणे विचारून बसली, 'तुझ्या नाही केल्या?'

वहिनीने चहा ठेवला होता. तो ठेवलेलाच राहिला.

दादा दुकानात रबरी हातमोजे घालून बॅटरीत पाणी ओतत होता. धाकटी समोर जाऊन उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं की माझ्या तारा इतक्या उंच का. दादाने आधी कसल्या तारा असा चेहरा केला. मग त्याला आठवलं. आठवलं तसा तो सहज बोलायला लागला, जणू एखाद्या जुन्या सामानाची गोष्ट निघाली आहे. मास्तरांची पद्धत होती ती. नवा माणूस आला की त्याच्या तारा खालच्या घोडीवरून, म्हणजे ब्रिजवरून, चढवून ठेवायच्या. बोटं कणखर होतात. तयार झाला की मास्तर स्वतः खाली उतरवत. दादाच्या उतरवायच्या आतच मास्तर गेले. म्हणून त्याने स्वतःच्या कधी उतरवल्या नाहीत, तसं करणं त्याला पाप वाटलं. धाकटीच्या त्याने चढवल्या, मास्तरांच्या सांगण्यावरून, ती आली तेव्हा.

'आणि उतरवणार कधी होतास?'

दादाने पाण्याची बाटली खाली ठेवली. 'विसरलो,' तो म्हणाला.

धाकटी वाट बघत राहिली. तिला वाटलं, पुढे काही येईल. तू माझ्या पुढे जाशील याची भीती वाटली, असं तो म्हणाला असता तरी चाललं असतं. डूख धरून केलं असतं तर त्यात निदान तिची दखल होती. दादाने तिला घाबरण्याइतकी मोठी तरी मानली असती. पण पुढे काही आलंच नाही. छत्री कुठेतरी राहून जाते, तशी ती राहून गेली होती.

'पोरीच्या बऱ्या आठवल्या उतरवायला,' ती म्हणाली.

'ती रडली, धाकटे. तू कधी काही बोलली नाहीस.'

'बोलले होते.'

'कधी?'

त्याचा चेहरा खरंच कोरा होता. ढोंग असतं तर तिने ओळखलं असतं, भाऊ होता तिचा. ज्या एका वाक्याने तिचं तोंड कायमचं बंद झालं, ते वाक्य त्याच्या लेखी त्या दिवशीच्या गप्पांतलं एक होतं. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. बाजूला ओळीने मांडलेल्या बॅटऱ्यांपैकी एक उचलून रस्त्यावर भिरकवावी असं तिला वाटलं, पण त्या फार जड असतात.

'पुढच्या तालमीला मी पळापळ वाजवणार,' ती म्हणाली. 'पोरगीही वाजवेल. कोणाची, ते ठोक्या आणि मुका ठरवतील. तू नाही.'

दादा वाजव म्हणाला. हातमोज्यांतली बोटं तो तेव्हाही चोळत होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने गिटार चष्म्याच्या दुकानात नेली आणि जेवणाच्या सुट्टीत बाकावर, दिव्याखाली, मखमली फडक्यावर आडवी ठेवली. मालक जाता जाता म्हणाले, हिला कितीचा नंबर लागलाय. धाकटी हसली नाही. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली दोन-दोन इवलेसे स्क्रू. त्यांच्यात बसणारी एल आकाराची चावी तिच्या डब्यात होती. तिच्या डब्यात ती कायमच होती, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. दिवसभर असलेच स्क्रू पिळणारी बाई, आणि स्वतःच्या गिटारीला कधी चावी लावली नाही, कारण नियम. तिने स्क्रू उलटे फिरवले. गंजलेले होते, कुरकुरले. तारा थोड्या थोड्या खाली आल्या. पहिल्यांदा जास्तच आल्या आणि झणझणायला लागल्या. मग तिने पुन्हा केसभर वर घेतल्या आणि तारा नव्याने जुळवल्या.

वेग आला. घरी दोन दिवस तिने शेजाऱ्यांना जगणं मुश्कील केलं. मेट्रोनोम पहिल्यांदाच मागे पडतोय असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी भाची आली, दारात चपला काढता काढताच ऐकत उभी राहिली, आणि तिचं तोंड कडू झालं.

'वेग आहे, आत्या. पण बेसूर आहे.'

कोणी दुसरं असतं तर धाकटीने बाहेरचा रस्ता दाखवला असता. भाचीने सूर मोजणारा ट्यूनर लावला आणि एक स्वर दाबायला सांगितला. मोकळी तार छेडली तेव्हा काटा बरोबर मध्ये. बोटाने दाबली की काटा वर. दुसरा स्वर, वर. तिसरा, वर. तार गरजेपेक्षा जास्त दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. उंच तारांना तो जोर लागत होता. आता लागत नव्हता, पण हात थोडाच ऐकतोय? तो आयुष्यभर दरवाजा ढकलत आला होता, आणि आता दरवाजा उघडा असताना आत जाऊन पडत होता.

धाकटी गिटार मांडीवर घेऊन बसून राहिली. अंगण वाकडंच होतं. तिने ते सरळ केलं. पण त्यावर नाचून नाचून पाय वाकडे झाले होते, त्यांचं काय? आता दोष खरंच तिच्या बोटांत होता. कोणीतरी घालून ठेवलेला, तरी तिच्याच बोटांत. तिला रडू आलं नाही. ते आलं असतं तर बरं झालं असतं, असं मात्र तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

'मलाही पळापळ हवी आहे,' भाची म्हणाली. 'पण तू बेसूर वाजवून हरलीस तर ती मला मिळाल्यासारखी नाही वाटणार. जोर कमी कर. एवढा लागत नाही.'

मग तिने शिकवलं. बोट तारेवर नुसतं ठेवायचं आणि छेडायचं. ठप्प आवाज येईल. थोडं दाबायचं, खरखरेल. आणखी रेसभर, स्वर स्वच्छ होईल. तिथे थांबायचं. त्यापुढचा सगळा जोर फुकटचा. ऐकायला लहान पोराचं काम, आणि धाकटीला ते घाम फोडत होतं. आत्या भाचीसमोर पहिलीतल्या मुलीसारखी बसली होती आणि काट्याकडे डोळे लावून एकेक स्वर दाबत होती.

तिच्या लवकरच एक गोष्ट लक्षात आली. 'विसरलो' हा शब्द मनात आला की काटा वर जायचा. दर वेळी. त्या काट्याची आणि दादाची ओळख असावी. राग थेट अंगठ्यात उतरायचा, अंगठा दांडी आवळायचा, आणि बोटं तारांचा गळा. शांत हो, असं भाची म्हणाली. शांत वगैरे होणं धाकटीला जमणारं नव्हतं आणि व्हायचंही नव्हतं. एवढ्या वर्षांनी हक्काचा राग मिळाला होता, तो काय असाच सोडून द्यायचा? तिने त्याला दुसरी जागा करून दिली. वाजवताना ती दात आवळायची, पायाची बोटं चपलेत गच्च रोवायची. मानेच्या शिरा ताठ, आणि हात मात्र ढिला, जसा काही दुसऱ्या कुणाचा. आरशात ते ध्यान विचित्र दिसत होतं. काटा मधोमध उभा होता.

वेग मग तिने मागितला नाही. पुन्हा संथपासून सुरुवात केली, हलक्या हाताने, आणि तो जसा येईल तसा येऊ दिला.

तालमीच्या दिवशी खोलीत कोणी विनोद केला नाही. दादा खुर्चीत बसला. ठोक्याने काड्या हातात घेतल्या आणि नेहमीचा वेग मोजला. आधी भाचीने वाजवली. तिची पळापळ हसत-खेळत निघाली, मधल्या भागात एके ठिकाणी बोट घसरलं, तरी न थांबता ती पार पडली. छान होती. ठोक्या छान म्हणालाही.

धाकटी डाव्या कोपऱ्यातून निघाली आणि मधोमध येऊन उभी राहिली. तेवढी चार पावलं टाकायला तिला अर्धं आयुष्य लागलं होतं, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिने दात आवळले. ठोक्याने मोजलं. पहिल्या ओळीत कोणी काही वेगळं ऐकलं नसेल. दुसऱ्या ओळीला मुक्याने मान वर केली. स्वर एकामागून एक सुटे सुटे पडत होते, घाई नाही, ओढाताण नाही, आणि तरी ठोक्याला घाम येत होता. मधला भाग आला. तिने दादाकडे पाहिलं. वाजवता वाजवता, सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि हात हलकाच राहिला. शेवटचा स्वर तिने जरुरीपेक्षा लांबवला. त्यात काहीही चढलं नाही की उतरलं नाही.

ठोक्याने दादाकडे बघितलं. दादा जमिनीकडे बघत होता. तेव्हा मुक्याने, ज्याने त्या महिन्यात बहुधा तोंड उघडलं नव्हतं, हनुवटीने धाकटीकडे खूण केली आणि म्हणाला, 'हिची.'

भाचीचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत आणि आत्याला मिठीही मारली नाही. गिटार केसमध्ये ठेवून ती, 'मधला भाग मला पुन्हा शिकव,' एवढंच म्हणाली आणि निघून गेली. धाकटीला तिचं ते आवडलं. हवं होतं आणि मिळालं नाही, तर लपवायचं कशाला?

ठोक्या आणि मुका गेले. धाकटी वायर गुंडाळत होती. दादा खुर्चीतून उठला, आपली गिटार घेऊन आला आणि तिच्यापुढे धरली. 'ती चावी आहे का गं तुझ्याकडे? जरा बघ हिच्याकडे.'

तिने गिटार घेतली नाही. ओढणीच्या टोकाला बांधलेली चावी सोडली आणि त्याच्या हातावर ठेवली. 'तूच फिरव.'

दादाने चावी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. ती काडीएवढी चावी त्याच्या बोटांत ठरेना. सांधे अक्रोडासारखे सुजलेले होते. चावी एकदा जमिनीवर पडली, त्याने वाकून उचलली, पुन्हा पडली. धाकटीने आत्ता नीट पाहिलं. नव्या लोकांना पुढे येऊ दे, याचा अर्थ तिला आत्ता कळला. तिचा राग जागचा हलला नाही. त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं, इतकंच.

दादा कसनुसा हसला. 'नाचता येईना...' त्याने सुरुवात केली.

'ते नको. दुखतं म्हण.'

'अगं, वय झालं की...'

'दुखतं म्हण, दादा. त्याशिवाय हात लावणार नाही.'

पुढच्या दुकानात चार्जरचा पंखा घरघरत होता. आजवर ज्याने माइकवरून सगळ्यांची ओळख करून दिली, त्याला दोन शब्द सापडेनात.

'दुखतं,' तो शेवटी म्हणाला. 'मास्तर होते तेव्हापासून दुखतं.'

धाकटीने गिटार घेतली, जमिनीवर मांडी घातली आणि सहाही तारांचे स्क्रू एकेक करून उलटे फिरवले. तारा जुळवल्या. मग ती त्याच्या हातात दिली. दादाने पहिला सूर दाबला, जन्मभर दाबला तसा, आणि तो चढला. त्याच्याही कानांना ते कळलं. त्याने दचकून तिच्याकडे पाहिलं.

'जोर कमी,' ती म्हणाली. 'एवढा कधी लागतच नव्हता.'

त्याने बोट उचललं आणि पुन्हा ठेवलं.